फुलगोबीचे मायक्रोग्रीन्स बुडाशी सडून आडवे पडत असतील तर

नागपूरच्या पावसाळी दमट हवेत मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायची रोपं, बुडाशी पातळ, तपकिरी होऊन लोळायची. हळद शिंपडली, जागा बदलली, फरक नाही. फार जीव तुटायचा.

जमलं ते असं: भोकं असलेल्या 10 बाय 10 इंची ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर 5 ग्रॅम बी, दाटी न करता. रंगीत औषधी लेपाचं शेतीचं बी खाण्यासाठी मुळीच नको. 3 दिवस झाकून अंधारात. मग उजेड, आणि वरून पाणी पूर्ण बंद: ट्रे पाण्याच्या ताटात 10 मिनिटं ठेवून उरलेलं पाणी ओतून द्यायचं. पंखा मंद, दिवसभर. मुळांवरची पांढरी लव पाणी फवारल्यावर बसली तर ती बुरशी नव्हे. साधारण दहाव्या दिवशी कापणी.