‘योंग’ कसं लिहावं: पाच रेघा, आठ फटकारे

चिनी लिपीत हजारो अक्षरं आहेत, हे ऐकूनच बरेच जण वही मिटतात. मिटू नका, एकच अक्षर घ्या: ‘योंग’ (永). अर्थ ‘निरंतर, कायमचं’. म्हणताना आवाज आधी खाली दाबायचा, मग किंचित उचलायचा. ब्रशने लिहायला शिकणाऱ्या चिनी माणसाचा हा जुना कित्ता, कारण लेखनाचे आठ मूळ फटकारे या एकाच अक्षरात सापडतात. ब्रश न उचलता ओढलेल्या रेघा मात्र पाचच. म्हणजे एखादी रेघ दोन-तीन फटकाऱ्यांची असते.

साहित्य घरातलंच चालेल: जलरंगाचा गोल, टोकदार ब्रश, काळी शाई, जुनं वर्तमानपत्र. त्यावर तळहाताएवढे चौकोन आखा. प्रत्येकात मधोमध एक उभी, एक आडवी रेघ आणि दोन कर्ण काढा. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं. हे मात्र चौकोनाच्या मध्यावर तोल सांभाळून उभं राहतं. बोरू तिरका धरतात तसा ब्रश धरू नका, सरळ उभा धरा.

१. थेंब. चौकोनाच्या वरच्या भागात, मधल्या उभ्या रेघेवर. टोक टेकवा, उजवीकडे खाली दाबा, उचला.

२. सगळ्यात अवघड रेघ, इथे घाई नको. थेंबाखाली, जरा डावीकडून छोटी आडवी रेघ मध्यापर्यंत आणा. या फटकाऱ्याचं जुनं नाव ‘लगाम खेचणे’, आणि हातही तसाच आवरता हवा. कोपऱ्यावर थांबा, दाबा आणि ब्रश न उचलता सरळ खाली या. तळाशी पुन्हा थांबून डावीकडे वर आकडा मारा. इथे सगळ्यांचीच चूक होते: आकडा ओढत नेला की मासे धरायच्या गळासारखा दिसतो. (माझ्या पहिल्या पानावर गळच गळ होते.) ब्रश क्षणभर टेकवून झटक्यात सोडायचा.

३. डावी बाजू. मधल्या रेघेपासून अंतर ठेवून, डावीकडून किंचित चढती रेघ उजवीकडे न्या. हा ‘चाबूक’. तिथूनच वळून डावीकडे खाली लांब सोडा, शेवटी ब्रश हलका होत गेला पाहिजे. मधल्या रेघेला टेकायचं नाही. ती फट राहिली नाही तर अक्षर गुदमरतं.

४. उजवीकडून वरून छोटा तिरका फटकारा, मधल्या रेघेपर्यंत. नाव ‘चोच मारणे’. पक्षी दाणा टिपतो तेवढ्याच वेळात.

५. तिथूनच उजवीकडे खाली उतरा. सुरुवात बारीक, पुढे दाब वाढवत जा, तळाशी थांबा आणि आडवं सरकत उचला. ही पसरट शेपूट डावीकडच्या रेघांचा भार तोलते.

हिशेब जुळवा: थेंबाचा एक, दुसऱ्या रेघेचे तीन, तिसरीचे दोन, उरलेल्या दोघींचा एकेक. आठ.

आता अर्थाकडे. वरचा थेंब आणि आडवी रेघ बोटाने झाका. खाली उरतं ते जवळपास ‘पाणी’ हे अक्षर. इ.स. १००च्या सुमारास शू शेन या चिनी विद्वानाने रचलेल्या कोशात ‘योंग’चा अर्थ लांब वाहणाऱ्या पाण्यावरूनच दिला आहे. ‘निरंतर’साठी नदी निवडणं मला फार पटतं. काही अभ्यासकांना मात्र त्याच्या प्राचीन रूपात पाण्यात पोहणारा माणूस दिसतो.

या अक्षराच्या मानामागे आणखी एक कारण आहे. सन ३५३ मध्ये वांग शीझी या सुलेखनकाराने लानतिंग इथल्या मेळाव्यातल्या कवितांना लिहिलेली प्रस्तावना चिनी सुलेखनाचा कळस मानली जाते, आणि तिचं पहिलंच अक्षर ‘योंग’ आहे. ‘योंगह’ या कालखंडाच्या नावातलं. मूळ कागद हरवला, आज दिसतात त्या नकला. चीनमधल्या बागांत म्हातारी माणसं फरशीवर पाण्यात बुडवलेल्या मोठ्या ब्रशने सराव करतात. ऊन असेल तर ‘कायमचं’सुद्धा काही मिनिटांत वाळून जातं.

पन्नासेक ‘योंग’ झाले की पुढचा धडा: डावीकडे पाण्याचे तीन थेंब एकाखाली एक द्या, तिसरा वर उसळता. झालं ‘पोहणे’. उच्चार तोच, योंग. थेंबांना चौकोनाचा डावा तिसरा हिस्सा लागतो, म्हणून ‘योंग’ जरा अंग चोरून उजवीकडे बसवा. शेपूट मात्र आखडू नका.