पहिली हॅम काँटेस्ट आणि न पाहिलेली भरती

अंबाजोगाईत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात जळालेल्या पाणबुडी मोटारींचा ढीग, पावसाळ्यात माशा मारायच्या. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, वायरमन ट्रेड. इंग्रजी यथातथाच. एवढ्या भांडवलावर हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेनं करायचं बिनतारी संभाषण, जमतो का, असं विचारणारं एखादं पोरगं महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात येतंच. जमतो. पण पोरं विचारतात माईकबद्दल, आणि मला सांगायचं असतं तारेबद्दल, कानाबद्दल. शिवाय समुद्राच्या एका भरतीबद्दल, जी आम्ही मराठवाड्याच्या पाच शहाण्यांनी पाहिलीच नाही.

परवान्याचं आधी उरकतो. परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन ग्रेड. रिस्ट्रिक्टेडवाल्याच्या कॉलसाइनची, म्हणजे हवेतल्या नावाची, सुरुवात व्हीयू३, जनरलवाल्याची व्हीयू२. जनरलला वर टिंब-रेघांचं मोर्सही येतं, मिनिटाला ८ शब्द. रेडिओचा भाग मला सोपा गेला. कॉइल, कपॅसिटर, ओहमचा नियम रोज हाताखालून जातात. घाम काढला तो नियमांच्या भागानं. पास झाल्यावर परवाना हातात पडेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि पोरं नेमकी तेव्हाच ढिली पडतात. तो वेळ ऐकण्यात घालवा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, मोबाईलवर फुकट उघडतो. त्यावर ७ आणि १४ मेगाहर्ट्झ लावा आणि कानावर पडतील ते कॉलसाइन वहीत उतरवा. पहिल्या आठवड्यात माझे दहातले सात चुकायचे.

मला या नादाला लावलं ते आमच्या सरांनी. सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी हादरली. फोन बंद पडले, तेव्हा मदतीला आलेल्या हॅम लोकांनी भूकंपाच्या भागातून निरोप पोचवले. सर तेव्हा तरुण होते. एका पेटीतून आणि झाडावर टाकलेल्या तारेतून निरोप जातो, हे त्यांनी तेव्हा मनावर घेतलं. काँटेस्टला, म्हणजे जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायच्या स्पर्धेला, खेळ म्हटलं की ते चिडतात आणि अंदमानची गोष्ट काढतात. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी पोर्ट ब्लेअरला अशाच हौशी मोहिमेवर होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच रेडिओंवरून मदतीचे निरोप सुरू झाले. ही गोष्ट सरांनी आम्हाला निदान वीसदा सांगितली असेल. दरवेळी ऐकतो.

आता काँटेस्ट म्हणजे काय. आम्ही गेलो ती सीक्यू वर्ल्डवाइड, आवाजावरची. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, सलग ४८ तास. घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेचं, म्हणजे आपल्याकडं शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला बंद. प्रत्येक स्टेशनला सिग्नलचा रिपोर्ट आणि आपला झोन, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या आपल्या विभागाचा आकडा, द्यायचा. भारत झोन २२ मध्ये येतो. दिवसभर 'फाइव्ह नाइन, टू टू' म्हणत राहायचं. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला १, स्वदेशातल्याला शून्य. प्रत्येक बँडवरचे, म्हणजे प्रत्येक लहरपट्ट्यावरचे, नवे झोन आणि नवे देश मोजून त्या बेरजेनं गुणांना गुणायचं.

यातच आम्ही किनाऱ्यावर जाण्याचं कारण दडलंय. जपान आशियात, म्हणून आपल्याला १ गुण. युरोप ३. आणि कोकणचा किनारा पश्चिमेला उघडा, युरोप वायव्येला, मध्ये डोंगर नाही. शिवाय उभ्या अँटेनाला खाऱ्या पाण्यासारखी जमीन नाही. समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता साध्या जमिनीच्या सुमारे हजारपट. सिग्नल क्षितिजाला चिकटून निघतो आणि लांब जातो. ५० वॅटवर काम करायचं असेल तर हे फार मोठं आहे. रिस्ट्रिक्टेडची मर्यादा तेवढीच, आणि टीममध्ये माझ्यासारखे दोन व्हीयू३ होते, म्हणून सरांनी सगळं स्टेशनच ५० वॅटला बांधलं.

रंगीत तालीम सरांच्या शेतात केली. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं. ती वगळू नका, कारण घरी जी वस्तू विसरते ती किनाऱ्यावर मिळत नाही. आमच्याकडं टेप होता, कात्री नव्हती. हेडफोन होते, त्यांची पिन जाड. डायपोल या साध्या तारेच्या अँटेनाची लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ ला साधारण २० मीटर, २८.५ ला ५ मीटर. तार थोडी लांबच कापा. कापलेली जोडायला दुकान लागतं, मलाच विचारा. चाळीस मीटर बँडसाठी, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, आम्ही १० मीटरची फायबरची काठी घेतली आणि तिच्या अंगानं तार चढवली. खाली पसरायच्या रेडियल तारा माझ्या दुकानातल्या, मोटारीच्या वाइंडिंगमधून उरलेल्या सुपर एनॅमल तांब्याच्या. वर लाखेचा थर असतो, तांबं लवकर काळं पडत नाही. वीज गेली तर म्हणून ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या. एवढ्या पॉवरला रेडिओ बोलताना १०-१२ अँपिअर ओढतो, ऐकताना एखाद-दुसरा.

सन २०२३. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट करत शुक्रवारी दुपारी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत पोचलो. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. परवाना ठरावीक पत्त्याचा असतो, त्यामुळं दुसरीकडं स्टेशन लावायची रीतसर परवानगी सरांनी आधीच घेतली होती. वर स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी पत्र आणि परवान्यांच्या प्रती. किनाऱ्यावर अँटेना उभ्या करणाऱ्या अनोळखी माणसांकडं लोक संशयानं बघणारच, आणि बघायलाच हवं.

शनिवारी सकाळी १५ मीटर, मग १० मीटर बँड. सौरचक्र, म्हणजे सूर्यावरच्या डागांचं चक्र, चढतीवर होतं, १० मीटर असा उघडला होता की दुपारी युरोप शेजारच्या गल्लीतून बोलावा तसा. ती अँटेना घराजवळच्या माडाला बांधलेली. आम्ही सगळे आत, पडवीत, रेडिओपुढं. दुपारी समुद्र कुठवर आला, हे कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी पाचला चाळीसची काठी उभी करायला बाहेर आलो, तर पाणी पार आत गेलेलं. ओली, घट्ट पुळण. नांदेडचा दोस्त म्हणाला, "आणखी पुढं घेऊ की, पाण्याकडं." घेतली. काठीला तीन दोर, लोखंडी खुंट्या वाळूत ठोकलेल्या, चहूबाजूंनी माझ्या लालसर तारा. नॅनोव्हीएनए या छोट्या मीटरवर एसडब्ल्यूआर १.२; हा आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी अँटेना जुळलेली. मी तर फोटोच काढला. घरमालकीण काकू पडवीतून ओरडल्या, "रात्री उधाण येतला मां! ह्या सगळा व्हावान जातला!" आम्ही हसून हात हलवला. उधाण म्हणजे आमच्या लेखी वारा.

त्या दिवशी कोजागिरी होती. पौर्णिमा. कोकणातलं शेंबडं पोरही तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतं: पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. दुपारी सव्वाअकरा, रात्री सव्वाअकरा, आणि मध्ये संध्याकाळी पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी. आम्ही बरोब्बर ओहोटीच्या वेळी, ओल्या वाळूत अँटेना रोवली होती. त्यातून पौर्णिमा-अमावास्येचं पाणी सगळ्यात वर चढतं.

रात्री साडेदहाला माईकवर नांदेडचा दोस्त. एकदम म्हणाला, "सर, एसडब्ल्यूआर पळायलाय." काटा दीड, दोन, तीन. रेडिओनं स्वतःच पॉवर पाडली. टॉर्च घेऊन बाहेर धावलो. चांदणं लख्ख, आणि काठीच्या बुंध्याशी पोटरीभर पाणी. केबल अँटेनाला जिथं जोडतो तो फीडपॉइंटचा डबा लाटेत बुडतोय, वर येतोय. ओल्या वाळूतून एक खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी सुटली, काठी वाकली आणि सावकाश समुद्रावर आडवी झाली. लातूरच्या मॅडम सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात, मी तारा गोळा करतोय, सर काठावरून ओरडतायत, "कोॲक्सचं टोक वर धरा! टोक!"

टोक कुणी धरलं नाही. कोॲक्स म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल, तिच्या जाळीतून खारं पाणी वातीतून तेल चढावं तसं आत चढतं. पीएल-२५९ कनेक्टर उघडला तर जाळी चिंब. दोन मीटर केबल कापून टाकली, नवा कनेक्टर डागला, त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ओढून गुंडाळला. हे सगळं मोबाईलच्या उजेडात. अँटेना आता सुक्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या रेघेच्या वर घेतली. ती रेघ म्हणजे मागच्या भरतीची सही. खुंट्यांऐवजी वाळू भरलेल्या गोण्या खड्ड्यात पुरल्या आणि दोर त्यांना बांधले. एसडब्ल्यूआर जरा जास्त, १.६. चालतंय. पुन्हा हवेत आलो तेव्हा पाऊण वाजला होता. दोन तास पाण्यात, शब्दशः.

काकूंनी कोजागिरीचं दूध दिलं नाही. त्या रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण होतं, वेध लागलेले. चंद्राचा तुकडा कुरतडलेला दिसत होता आणि आम्ही काळा चहा पीत होतो.

या गोंधळाचा फायदा झाला मला. जुने चौघं दमून आडवे झाले आणि पहाटे तीनला सर म्हणाले, "बस तू." माझी पहिलीच पाळी. सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक, दिली आणि हेडफोनमध्ये बाजार उठला. आठ-दहा जण एकदम, कुणी इटलीचा, कुणी रशियाचा. मी घाबरून एकदा पूर्ण कॉल चुकीचाच टाकला. लॉग तपासताना चुकीचा कॉल सापडला तर तो संपर्क जातोच, वर दंडही बसतो. सरांनी डोळे न उघडताच सांगितलं, "जे दोन अक्षरं ऐकलीस तेवढीच म्हण." तेच केलं. शेवटची दोन अक्षरं ऐकू आली की तेवढीच परत म्हणायची. शिस्तीचे लोक गप्प होतात, तो एकटा बोलतो. अक्षरांची नावंही एकाच पद्धतीची शिकून चालत नाही. अल्फा, ब्राव्हो पुस्तकात. हवेत अमेरिका, जर्मनी, ओशन, सांतियागो, झांझिबार. इथं वहीतले ते तीन महिने कामाला आले. पहिल्या तासात १९ संपर्क, दुसऱ्यात ४१. बोलायचं काम त्यात थोडंच असतं. पाच सेकंद बोलायचं, बाकी कान.

साडेपाचला मॅडमनी खुर्ची घेतली. तोवर माझा आवाज बसला होता आणि डाव्या कानाची पाळी सुजली होती. स्वस्तातले हेडफोन घेऊ नका. चांगल्या माईकवर पैसे घालण्याआधी हेडफोनवर घाला.

सोमवारी पहाटे थांबलो तेव्हा एनवनएमएम या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये ५५३ संपर्क होते. मोठ्या टीम हे काही तासांत करतात, त्यामुळं बढाई मारण्यासारखं काही नाही. पण भारतातून हवेवर येणारी स्टेशनं कमी, आणि झोन २२ पुष्कळांना गुणक म्हणून हवा असतो, म्हणून लोक आपल्याला शोधत येतात. लॉग पाच दिवसांत पाठवायचा असतो; आम्ही कोल्हापुरातल्या एका हॉटेलात जेवणाची वाट बघत पाठवला. खर्च डोकी साडेचार हजार, दोन मीटर कोॲक्स वेगळी.

नव्या पोरानं अशा मोहिमेत पहिल्या वर्षी काय मागावं? माईक मागू नये. दोर, केबल, बॅटऱ्या आणि लॉगिंगची दुसरी खुर्ची मागावी. दुसऱ्या खुर्चीत बसून कानानं कॉल पकडला आणि माईकवाल्याआधी टाइप केला की जुने लोक आपणहून मागं वळून बघतात. सोल्डरिंग येणारा माणूस तर कुठल्याही टीमला हवाच असतो. आयटीआयच्या पोरांनी इथं दबून राहायचं काही कारण नाही.

घरी आल्यावर त्या तारा गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवल्या. लाख जिथं खरवडली होती तिथं हिरवं आलंच. आता त्या दुकानात खिळ्याला टांगल्यात, शेजारी कॅलेंडर. गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं, मी पावतीवर तारीख टाकायला कॅलेंडरकडं बघतो आणि तिथीला पाऊणनं गुणतो. परवा एका शेतकऱ्यानं विचारलं, "काय हिशोब करायलाव?" म्हटलं, देवगडला आत्ता पाणी चढायला लागलं असेल.