डायलिसिसवरच्या माणसाला भेटायला जाताय? शहाळं नेऊ नका

आमच्या दादाचं डायलिसिस सुरू होऊन चार वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. खरं सांगू, मशीनपेक्षा माणसांनीच जास्त दमवलंय त्याला, म्हणून हे लिहितोय.

आधी शहाळं. आजाऱ्याकडे जाताना शहाळं नाहीतर केळी न्यायची आपली रीतच आहे, पण किडनी बंद पडली की पोटॅशियम अंगात साठतं, फार वाढलं तर हार्ट बंद पडू शकतं आणि शहाळ्यात तेच भरपूर. वहिनी ते गुपचूप शेजारी देते, मग पाहुणे रुसतात की एवढं आणलं आणि चाखलं पण नाही. न्यायचंच काही तर आधी वहिनीला फोन करा.

पंगतीत आग्रह तर अजिबात नको. दादाचं दिवसाचं पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलंय, चहा, आमटी, ताक सगळं त्यातच मोजायचं. मठ्ठा वाढणारा "अहो अर्धीच वाटी" म्हणत उभाच राहतो, दादा हाताने वाटी झाकून बसलेला, कारण ती अर्धी वाटी म्हणजे त्याचा संध्याकाळचा चहा. शेवटी त्याने लग्नाला जाणंच सोडलं. तरी बोलावणं बंद करू नका हं, फक्त डायलिसिसचे वार विचारून घ्या.

डाव्या हातावर शिरा फुगल्यात तो फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शीर धमनीला जोडलीय, लागण नाहीये ती, तेव्हा हात मागे घेऊ नका. त्या हाताला ओझं, बीपीचा पट्टा, डायलिसिसची सोडून दुसरी सुई, काही नको. आमची चिमी त्याला कान लावते आणि म्हणते काकाच्या हातात मिक्सर आहे.

आणि "किडनी कोण देणार मग?" हे चारचौघात कृपा करून विचारू नका, लगेच सगळे वहिनीकडे बघतात. बायको आहे म्हणजे तिनेच द्यायची असं कुठे लिहिलंय?

"काही लागलं तर सांग" म्हटलं की कोणीच सांगत नाही. त्यापेक्षा "गुरुवारी मी नेतो" म्हणा. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, तिथे आधार आणि रेशनकार्ड घेऊन तुम्ही जा, वहिनीची एक खेप वाचेल. डायलिसिससाठी रेल्वेने जायचं असेल तर पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत आहे, तो फॉर्म पण आणून द्या.

भेटायला डायलिसिसच्या संध्याकाळी नको, तेव्हा तो नुसता पडून असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी या आणि येताना पत्ते आणा, रमीला आम्हाला एक माणूस कमी पडतो.