जोडीने पहिली मॅरेथॉन: या चुका टाळा

मॅरेथॉनचा निर्णय जोडीने घ्यावा, या मताचा मी आहे. पहाटे साडेचारला फाटकाशी कुणी उभं असलं की पांघरूण आपोआप दूर होतं. पण निर्णय दोघांचा म्हणून वेळापत्रकही दोघांचं एकच ठेवलं, की दुखणी सुरू होतात. ४२.१९५ किलोमीटर ज्याचे त्यालाच धावायचे असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मित्राच्या वेगाने धावणं. दमलेला गडी मुकाट्याने रेटत राहतो, कारण मागे पडायचं नसतं. सरावातलं बहुतेक धावणं इतकं सावकाश हवं की पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावं. तुम्ही ‘हो’, ‘नाही’ यावर आला असाल तर वेग तुमचा नाही. उपाय सोपा आहे: अंतर सोडा, घड्याळ धरा. पणजीतल्या कांपालहून दोघांनी एकदम निघायचं, आपापल्या वेगाने मिरामारच्या दिशेने वीस मिनिटं जायचं आणि जिथे असाल तिथून वळायचं. वेग कायम ठेवलात तर दोघेही जवळपास एकाच वेळी परत येता. पुढे-मागे पडल्याची भावना उरत नाही आणि नंतरचा चहा एकत्र होतो.

दुसरी चूक घाईची. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायुबंध आणि हाडं तयार व्हायला कितीतरी महिने लागतात. म्हणून ‘आता जमतंय’ वाटतं तेव्हाच दुखापत होते. आठवड्याचं अंतर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. सर्वांत लांबचा पल्ला ३० ते ३२ किलोमीटरचा, तोही स्पर्धेच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर उतरता सराव, म्हणजे अंतर कमी करत न्यायचं. आज दोघांपैकी एकाला दहा किलोमीटरही आरामात जमत नसतील, तर त्याने यंदा अर्धमॅरेथॉन धरावी. यात कमीपणा नाही.

आपल्या हवेचा हिशेब न करणं ही खास गोव्यातली चूक. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग कमी झाला तर काळजी नको. मात्र पाणी किती प्यायचं हे मित्राकडे बघून ठरवू नका. धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. मध्ये काही प्यायला नसाल तर एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. एकाच तासात एकाचं अर्धा किलो घटतं, दुसऱ्याचं दीड. दोघांनी सारखंच पाणी प्यायलं तर एक कोरडा पडेल, दुसऱ्याचं जास्त होईल. नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं. मळमळ, डोकेदुखी, बोटांना सूज ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, डॉक्टर गाठा. तहान लागेल तसं प्या, लांब पल्ल्याला ओआरएस सोबत ठेवा. घरी आल्यावर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज मला अजून तरी सगळ्यांत आवडते.

किनाऱ्यावर लांब पल्ला नको. पाण्याकडे उतरत्या वाळूवर एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरची बाजू दुखायला लागते. रस्त्यावर धावताना वाहनांच्या समोरून धावा, अंगावर चमकणारी पट्टी असू द्या.

नडगी दुखू लागली तर बोटाने दाबून पाहा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर थोडे दिवस विश्रांती, मग कमी अंतर. एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत कळ येत असेल तर धावणं त्याच दिवशी बंद करा. हाडाला चीर असू शकते, अस्थितज्ज्ञांना दाखवा. मित्राने अशा वेळी ‘चल रे, सुटेल धावताना’ म्हणू नये, हे आधीच ठरवून घ्या.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सरावाचा आठवडा बुडणारच. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढू नका, आहे तिथून सुरू करा. तापात मात्र एक पाऊलही नको.

स्पर्धेच्या दिवशी नवे बूट, धावताना खायचं नवं एनर्जी जेल, नवा नाश्ता काहीच नको. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यायची सवय सरावातच लावा. शरीरातला कर्बोदकांचा साठा संपला की तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय जड होतात. आणि आदल्या रात्री एक गोष्ट स्पष्ट बोला: एकाचा वेग पडला तर दुसऱ्याने थांबायचं की पुढे जायचं? माझं मत, दुखापत नसेल तर पुढे जायचं. शेवटच्या रेषेपलीकडे कुठे भेटायचं तेही ठरवा, कारण फोन दोघांचेही बॅगेत जमा असतील.