मावा दिसला? पंप उचलायच्या आधी माशी ओळखा
(नागपूर जिल्हा, जानेवारी-फेब्रुवारी: संत्रा, मोहरी, करडई, वाल, चवळी)

संक्रांत झाली की काटोल-नरखेडच्या आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) संत्रा बागांचा ताण (पाणी तोडून दिलेली विश्रांती) तुटतो, पाणी सुरू होतं, नवती (नवी पालवी) फुटते आणि कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) येऊन बसतो. मोहरी त्याच सुमारास फुलात असते, वाल-चवळीच्या शेंड्यांवरही मावा असतो. दोन दिवस आभाळ राहिलं की तो झपाट्याने वाढतो. त्याच्या मागोमाग पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशा येतात, फुलासमोर हवेत एकाच जागी थांबणाऱ्या. ही सिरफिड माशी. कुणी तिला मधमाशी म्हणतं, कुणी गांधीलमाशी, आणि काही संत्रावाले फळमाशी समजून सरळ फवारणीला लागतात.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या काकाजींनी मला मोहरीच्या धुऱ्यावर (बांधावर) बोलावलं. "भाऊ, मोहरीले अळी लागली, काय मारू?" शेंडा वाकवून पाहिला. मावा दाटीवाटीने बसलेला आणि त्यात अर्ध्या इंचाची हिरवट, ओलसर, गोगलगायीसारखी सरकणारी अळी. डोकं दिसत नाही, पाय नाहीत, पुढचं टोक निमुळतं, मागचं बोथट. बघता बघता तिने पुढचं टोक इकडे-तिकडे फिरवून चाचपडत एक मावा पकडला, वर उचलला आणि आतला रस ओढून रिकामं कातडं टाकून दिलं. काकाजी म्हणाले, "हे तं आपलंच काम करून राह्यली!" खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी मी स्वतः याच अळ्यांवर औषध मारलं होतं. आठवड्याने मावा परत आला, अळ्या मात्र आल्या नाहीत.

ही सिरफिड माशीचीच अळी. अशी एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. म्हणून पहिली ओळख अळीची. पीक खाणाऱ्या घाटेअळीला स्पष्ट डोकं आणि पाय असतात, हिला दोन्ही नाहीत. पानावर काळा, डांबरासारखा ओघळ दिसला तर ती तिची विष्ठा, म्हणजे अळी जवळपासच आहे. मावा असलेल्या शेंड्यावर पांढरं, तांदळाच्या कणीहून बारीक, लांबट अंडं एकेकटं चिकटलेलं असतं. कोष पाण्याच्या थेंबासारखा, एका बाजूला फुगीर.

आता उडणारी माशी. सकाळी ऊन पडल्यावर आठ ते दहाच्या दरम्यान जा. माशी पारदर्शक पन्नीत पकडा, पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग ती सुस्त होते. मोबाइलचा कॅमेरा आणि दहा रुपयांचं भिंग पुरतं. पंख दोनच असतील तर ती मधमाशी नाही, गांधीलमाशीही नाही. फळमाशीलाही दोनच पंख आणि पाठीवर पिवळ्या खुणा असतात, गोंधळ होतो तो इथेच. पण फळमाशी हवेत थांबत नाही. ती फळावर, पानावर चालत राहते, तिच्या पंखाच्या पुढच्या कडेला गडद रेघ असते आणि मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची सुई दिसते. मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) फळं रंगावर असतील आणि शंका असेल तर मिथाइल युजेनॉलचा सापळा लावा, फळमाशीचे नर त्यात येतात.

सिरफिड माशांमध्येही जाती बऱ्याच आणि दिसायला जवळजवळ सारख्या. शेतकऱ्याला खरा फरक करायचा तो अळीपणी मावा खाणाऱ्यांचा आणि न खाणाऱ्यांचा. न खाणारी म्हणजे मोठी, जाड, मधमाशीच्या चणीची इरिस्टॅलिनस. हिच्या डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात आणि पंखातली एक लांब शीर मध्येच खोल खाली वाकते. हिची अळी गढूळ, सडक्या पाण्यात, गोठ्याच्या नालीत वाढते, शेपटीसारखी लांब श्वासनळी वर काढून. ती परागीभवन करते, पण तिच्या भरवशावर मावा जाणार नाही.

मावा खाणाऱ्यांत आपल्याकडे वारंवार भेटतात त्या दोन. एपिसिर्फस बाल्टिएटस: नारिंगी पोट, आणि तिसऱ्या-चौथ्या भागावर प्रत्येकी दोन काळे पट्टे, एक जाड आणि एक मिशीसारखा बारीक. हा दुहेरी पट्टा दिसला की प्रश्न मिटला. रंगावर मात्र जाऊ नका. थंडीत कोशात वाढलेल्या माशा बऱ्याच काळपट निघतात, उन्हाळ्याकडे तीच जात उजळ दिसते. दुसरी इस्किओडॉन स्कुटेलॅरिस: छातीच्या दोन्ही कडांना ठसठशीत पिवळी किनार, लुगड्याच्या काठासारखी. पोटावर पहिल्यांदा दोन सुटे पिवळे डाग, पुढे अखंड पट्टे. एपिसिर्फसच्या छातीला अशी किनार नसते. अशीच पिवळी किनार स्फेरोफोरियालाही असते, पण तिचा नर काडीसारखा सडपातळ, इस्किओडॉनचं पोट लंबगोल.

चार-सहा मिलिमीटरची अगदी छोटी काळसर माशी दिसली तर ती बहुधा पॅरागस. तिच्या जाती फोटोवरून ओळखायच्या फंदात पडू नका. तिथे नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, आणि आपल्याला त्याची गरजही नाही. तिची अळीही मावाच खाते.

आता फवारणीचं. बागेत वेगवेगळ्या ठिकाणचे दहा शेंडे तपासा. बऱ्याच शेंड्यांवर या अळ्या किंवा ढालकिडे (मावा खाणारे ठिपक्यांचे गोल भुंगे) असतील तर चार-पाच दिवस थांबा आणि तेच शेंडे पुन्हा बघा. मावा फुगून तपकिरी झाला असेल तर त्यात बारीक परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, त्यालाही हात लावू नका. फवारावंच लागलं तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, माशा फुलांवरून गेल्यावर. करडईवर मावा बहुधा कडेच्या ओळींपासून सुरू होतो. वेळेत दिसला तर तेवढ्याच पट्ट्यात काम भागतं. डायमेथोएट, इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं फुलोऱ्यात नकोच. मावा मरतो तशा अळ्याही मरतात, आणि मधमाशाही.

रोपवाटिकेत मात्र थांबण्याचा हा सल्ला लागू नाही. काळा मावा संत्र्यात ट्रिस्टेझा विषाणू पसरवतो. कलमांवर मावा दिसला की लगेच शिफारशीप्रमाणे उपाय करा.

धुऱ्यावर कोथिंबीर किंवा बडीशेपेची एक ओळ फुलू द्या. या माशांची सोंड आखूड, अशी उघडी फुलंच त्यांना जमतात. पिवळे चिकट सापळे लावले असतील तर रोज एकदा बघा. त्यावर मावा कमी आणि सिरफिड जास्त चिकटत असतील, तर फुलोरा संपेपर्यंत ते सापळे काढून गोठ्यात टांगा.