नॉईज घालवणाऱ्या सॉफ्टवेअरची तुलना करताना या चुका टाळा

फोटोतील नॉईज, म्हणजे कमी उजेडात उमटणारे रंगीत ठिपके आणि करडे दाणे, घालवणारे कोणते सॉफ्टवेअर चांगले, असे विचारणारे बहुतेक जण एकच फोटो दोन-तीन सॉफ्टवेअरमधून काढतात, सर्वांत गुळगुळीत दिसेल त्याला पहिला नंबर देतात आणि मोकळे होतात. ही चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली असल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका चादरीच्या कारखान्यात कॅटलॉगसाठी फोटो काढायचे होते. मालकांना जकार्ड (नक्षीदार कापडाच्या) मागावर विणली जाणारी चादर आणि मागाजवळचा कामगार, दोन्ही एकाच चौकटीत हवे होते. शेडमध्ये ट्यूबलाइटचा मंद उजेड आणि माग सतत हलता, त्यामुळे शटर 1/500 सेकंदावर ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) 6400 पर्यंत न्यावा लागला. घरी येऊन तीन सॉफ्टवेअरची तुलना केली, ती पूर्ण फोटो पडद्यावर मावेल एवढा लहान करून आणि नजर फक्त कामगाराच्या चेहऱ्यावर ठेवून. ज्यात चेहरा तुकतुकीत आला, त्यातूनच सगळे फोटो काढले. छापील कॅटलॉग हाती आल्यावर मालकांनी पानावरून अंगठा फिरवला आणि विचारले, “ओ, ही चादर हाय का रेक्झिन?” नक्षीतील धागे नॉईजबरोबरच पुसले गेले होते. पुन्हा छपाईचा खर्च अर्थातच माझ्या माथी आला.

धाग्यांची वीण आणि नॉईज, दोन्ही एक-दोन पिक्सेलच्या अंतरावर बदलतात, म्हणून सॉफ्टवेअरची गल्लत नेमकी तिथेच होते. आता मी प्रत्येक सॉफ्टवेअरमधील शार्पनिंग (कडा ठळक करणारी सोय) आधी शून्यावर आणतो, कारण काही सॉफ्टवेअर ते न विचारता वाढवून ठेवतात आणि आपण त्यालाच स्पष्टता समजतो. मग विणीचा, केसांचा किंवा अक्षरांचा 1800 × 1200 पिक्सेलचा तुकडा कापून 6 × 4 इंचांवर छापतो, मागे पेन्सिलीने खूण करतो आणि निवड घरच्यांवर सोपवतो. कोणते सॉफ्टवेअर महाग आहे, हे त्यांना ठाऊक नसते.

दुसरी चूक म्हणजे जेपीजीवर परीक्षा घेणे. जेपीजी तयार करतानाच कॅमेरा नॉईज दाबतो आणि बारकावेही खातो. अशा फोटोत कोणतेही सॉफ्टवेअर नवे काय शोधणार? अ‍ॅडोबीचा 2023 मध्ये आलेला डीनॉईज किंवा डीएक्सओचे प्युअररॉ ही साधने रॉ फाइलसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलसाठी, बनलेली आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर चाचणी घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

रंगीत ठिपके आणि करडे दाणे वेगळे तपासावेत. ठिपके पूर्ण घालवावेत, दाणे थोडे राहू द्यावेत. एका फोटोवरून निकाल देऊ नये. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील पांढऱ्या बाराबंदीवर (पारंपरिक अंगरख्यावर) चांगले चालणारे सॉफ्टवेअर रात्रीच्या काळ्या आभाळात पट्टे उमटवू शकते. डार्कटेबल हे रॉ फोटोंवर काम करणारे सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून ते हलके ठरवू नये.

शेवटची चूक सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीची आहे. सेन्सरवर चौपट प्रकाश पडला, तर प्रकाशामुळे येणारा नॉईज चित्राच्या तुलनेत निम्मा होतो. तरीही दरवर्षी यात्रेतील शोभेच्या दारूकामाचे फोटो हातात कॅमेरा धरून आयएसओ 6400 वर काढलेले कोणी तरी आणतो आणि सर्वांत दमदार सॉफ्टवेअरचे नाव विचारतो. आयएसओ 100 आणि काही सेकंदांचे शटर ठेवले असते, तर हा प्रश्नच पडला नसता. मी ट्रायपॉड घ्यायला सांगतो आणि तो नाराज होऊन निघून जातो.