घोट्याजवळची गाठ काढण्यापूर्वीची तयारी

घोट्यावर किंवा नडगीलगत येणारी गँगलियनची, म्हणजे घट्ट द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी, गाठ कर्करोगाची नसते आणि ती काढून रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. पण तीच गाठ मनगटावर असती तर लागली नसती इतकी तयारी येथे लागते, कारण चालणे पायानेच असते.

सोनोग्राफी किंवा एमआरआयचा अहवाल, चालू औषधांची मात्रेसह यादी, औषधांच्या ॲलर्जीची नोंद आणि विम्याची कागदपत्रे एका फाइलीत ठेवावीत. सांध्याशी किंवा स्नायुबंधाच्या आवरणाशी जोडलेला गाठीचा देठ मागे राहिल्यास गाठ पुन्हा येण्याचा संभव वाढतो, म्हणून तो कुठवर काढणार हे शल्यचिकित्सकांना आधीच विचारावे. पावलाला बधिरता असेल, किंवा चालताना पाऊल वर उचलत नसेल, तर ते आवर्जून सांगावे. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूची गाठ तिथल्या नसेवर दाब आणू शकते, आणि तक्रार आधीची की नंतरची हा घोळ पुढे नको.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये आणि चालूही ठेवू नये, डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाच्या औषधांचेही तसेच, कारण काही गोळ्या 3 दिवस आधी थांबवाव्या लागतात. कमरेखालची किंवा पूर्ण भूल असल्यास साधारणपणे 6 तास आधी जेवण आणि 2 तास आधी पाणी बंद करतात. तंबाखू आणि धूम्रपान मात्र काही आठवडे आधीच सोडलेले बरे.

पायावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतुसंसर्गाला वाट मिळते. पैंजण, जोडवी, नेलपॉलिश आदल्या दिवशी काढावे, आणि घट्ट बसलेली जोडवी तर त्याहूनही आधी. अशा गाठींचा आकार कमी-अधिक होतो, त्यामुळे भूल देण्यापूर्वी, गाठ ठळक दिसेल अशा स्थितीत, त्वचेवर खूण करून घ्यावी.

घरच्या तयारीत सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे शौचालय: भारतीय पद्धतीचे असल्यास कमोडची खुर्ची आणून ठेवावी. वॉकर किंवा कुबड्या लागणार असतील तर त्यांचा सराव आधीच करावा. पाय उंच ठेवण्यासाठी उशा, सैल पायजमा किंवा गाऊन, आणि आंघोळीत पट्टी कोरडी राहावी म्हणून प्लास्टिकची पिशवी जवळ असावी. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर दुचाकी चालवायची नाही असे धरून रजा आणि मुलांच्या शाळेची ने-आण आधीच ठरवावी.